वाईट वागण्याची तालीम

हेडमास्तरांनी भांडायला जागा निवडली तीच चुकीची. वर्गात येऊन भांडले असते तर बसायला खुर्ची तरी मिळाली असती. ते उतरले वर्गामागच्या नांगरटीत, आणि आता डोक्याएवढ्या ढेकळांवर तोल सावरत, एक पाय वर, एक पाय खाली, असे बाईंना समजावत होते.

"वर्षभरात एक तक्रार नाही, बाई. मी तपासणीच्या साहेबांना दाखवू काय?"

"तेच दाखवा. तक्रार नाही, हे."

"तक्रार नाही म्हणजे गरज नाही. साहेबांचा हिशेब सरळ असतो. पोरं सुधारली असतील तर वेगळा वर्ग कशाला? आणि सुधारली नसतील तर वेगळ्या बाई कशाला?"

या कुलपाला आतूनही किल्ली नव्हती आणि बाहेरूनही.

"आणि मला खोली पाहिजे," हेडमास्तर जरा आवाज उतरवून म्हणाले. "नवीन बाकं व्हरांड्यात पडलीयेत. त्यांच्यावर शेळ्या बसतात. शेळ्यांना सवय लागली तर पुढे अवघड आहे."

"माझ्या पोरांना कुठे बसवाल?"

"जिथून आली तिथे. आपापल्या वर्गात."

एवढं बोलून ते वळले, आणि ढेकूळ पायाखालून निसटलं तसे खाली बसले. बाईंनी हात पुढे केला. तो न घेता ते उठले आणि मागची माती न झटकताच गेले.

ही खोली म्हणजे पूर्वीचं बियाण्यांचं गोदाम. अजून भिंतीतून दाणे निघत. त्यात बसत चौघे, ज्यांना दुसऱ्या कुठल्या वर्गाने ठेवून घेतलं नव्हतं. एक होता वारा. मनाविरुद्ध काही झालं की तो खिडकीतून बाहेर, आणि मग शोधायला गाव निघायचं. एकदा तर वीटभट्टीवरून आणला होता. दुसरी कात्री, दिसायला अगदी गरीब. पण तीन मास्तर आणि वर्गाचा फोटो काढायला आलेला माणूस, सगळ्यांना चावून झालेली. तिसरा मिरची. त्याचं तोंड सुटलं की गाड्या हाकणारे बाप्येसुद्धा लाजून दुसरीकडे बघत. आणि चौथं कासव. ते टेबलाखाली राही. बोलत नसे, आणि कुणी ओढून काढायला गेलं तर फरशीवर डोकं आपटून घेई.

बाईंचे नियम दोनच. पहिला, जे करायचंय ते आधी सांगायचं. ओरडणार आहे, फेकणार आहे, पळणार आहे, काहीही. पण आधी सांगून. सांगता सांगता निम्म्या गोष्टी करायच्या राहूनच जात. दुसरा नियम ढेकळांचा. आत उकळायला लागलं की "वर आलंय" म्हणायचं, मागच्या दाराने नांगरटीत जायचं, लाकडी हातोडा घ्यायचा आणि उतरेपर्यंत ढेकळं फोडायची. कुणी काही विचारायचं नाही. आपलं आपल्याला कळलं नाही तर दुसऱ्याने पाठवायचं. यात लहानमोठं नव्हतं.

त्यामुळे एवढ्याशा तुकड्यात माती अशी झाली होती की शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून जळायचा. "माझ्याकडे पाठवा की एखादं चिडकं," म्हणायचा. "सांभाळीन."

ढेकळं संपली की नांगर घेऊन बाईंचे वडील येत. "पोरांचा राग संपत नाही, माझी जमीन संपते," असं म्हणत पुन्हा नवी काढून देत. थंडी सरता सरता ते गेले. त्यानंतर बाई पहिल्यांदा वर्गावर आल्या त्या दिवशी त्या प्रत्येक वाक्याला हसत होत्या. मिरचीने ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही जा ढेकळात."

बाई गेल्या. दुपारपर्यंत आल्या नाहीत. आल्या तेव्हा चौघांनी न सांगता गणितं करून ठेवली होती, सगळी चुकीची.

यावेळची नांगरट भाड्याने करून घेतली होती. नांगराची तासं वाकडी आली होती. बाईंनी ती तशीच ठेवली.

हेडमास्तर गेल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. जुन्या वर्गात जायचं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. मिरचीला हाकलतील, कात्रीची आई तिला घरात कोंडेल. वाऱ्याची आजी वाईट बाई नव्हती, पण तिला शेतावर जावं लागे, आणि पोरगं हाती लागत नाही म्हणून पूर्वी ती त्याचा पाय दोरीने खाटेला बांधून जायची. ती दोरी बाईंनी स्वतः सोडली होती. कासवाचा विचार करायचं त्यांनी टाळलंच.

आत येऊन त्यांनी सांगून टाकलं. "परवा साहेब येतायत. वर्ग बंद करायचा म्हणतात. तुम्ही फार शहाणी झालात म्हणून."

"शहाणी झालो म्हणून?" वारा म्हणाला.

"हो."

"मी एक शब्द बोलणार आहे," मिरची म्हणाला, आणि बोलला. कुणी हरकत घेतली नाही.

आणि मग बाई ते बोलून गेल्या, जे शिकलेल्या, समंजस, पुस्तकं वाचणाऱ्या बाईने बोलू नये. "परवा कुणी थोडंसं पूर्वीसारखं वागलं, तर मी रागावणार नाही."

बोलल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. "वर आलंय," म्हणून स्वतःच मागच्या दाराने बाहेर गेल्या. बाहेर ऊन तापलं होतं, गरम वाऱ्याने बांधावरची धूळ उठत होती. हातोडा चालवता चालवता त्यांनी ठरवलं, शब्द मागे घ्यायचा. पण परतल्या तोवर आत कामांची वाटणी होऊन गेली होती.

"मी पळतो," वारा सांगत होता. "बांधापर्यंत."

"बांधापर्यंत काय पळणं? ते तर फिरणं झालं," मिरची म्हणाला.

"मग विहिरीपर्यंत?"

"विहिरीपर्यंत नको, बाई घाबरतात. बांधच बरा."

"मी चावते," कात्री म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला नको. फळा पुसायचं फडकं चावते."

"फडक्याला काय घाबरतील साहेब?"

"मी चावताना बघितलंय का तू मला?"

मिरचीने बघितलं होतं. टेबलाखाली वाकून त्याने विचारलं, "तू काय करणार?" कासवाने भिंतीतला एक दाणा उकरला आणि तळहातावर ठेवून बघत बसलं. "हे खाली बसेल," मिरचीने जाहीर केलं. "ते त्याला चांगलं जमतं."

बाईंना बोलायचं होतं. पण चौघांची डोकी इतक्या समजुतीने एकत्र आलेली त्यांनी याआधी बघितली नव्हती. हसू दाबायला त्यांना खडू शोधायचं निमित्त करावं लागलं.

साहेब आले ते मोटारसायकलवरून, धुळीने भुवया पांढऱ्या झालेले. दमलेला माणूस. खुर्चीवर टेकले तशी खुर्ची कुरकुरली. मागे हेडमास्तर उभे, इस्त्रीच्या कपड्यांत.

"काय रे, कसं चाललंय?" साहेबांनी विचारलं.

वारा उठला. हात मागे बांधून म्हणाला, "साहेब, मी आता खिडकीतून पळून जाणार आहे."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई खडूकडे बघत होत्या.

"कुठपर्यंत?"

"बांधापर्यंत."

"परत कधी येणार?"

"लगेच येतो. तुम्हाला घाई आहे का?"

"नाही, सावकाश जा."

वारा गेला, आला, आणि आत येताना पाय पुसले.

"आता मी एक शिवी देणार आहे," मिरची म्हणाला. "तुम्हाला नको असेल तर कान झाकून घ्या."

साहेबांनी कान झाकले. शिवी झाली. ओठांवरून ती त्यांना कळली असावी, कारण ते जरा मागे सरकले. मग कात्रीने फडकं दातांत धरलं आणि साहेबांकडे रोखून बघत गुरगुरली. फडक्यातला खडू घशात गेला तशी शिंकली, आणि "माफ करा" म्हणाली. टेबलाखालून आवाज आला, "मी खाली आहे." महिन्याभरातलं कासवाचं हे सर्वांत मोठं वाक्य होतं.

हेडमास्तरांना एवढंच कळलं, की आपल्या शाळेत साहेबांची चेष्टा चालली आहे. "हा काय तमाशा आहे?" म्हणत ते पुढे झाले आणि मागून येऊन त्यांनी वाऱ्याचं बखोट धरलं.

न सांगता.

पुढचं सगळं एकदम झालं. वाऱ्याने झटका दिला, बाही फाटली, आणि तो खिडकीतून गेला. बांधावर थांबला नाही. कात्रीचे दात हेडमास्तरांच्या मनगटात रुतले, फडक्यात नव्हे. मिरचीचं तोंड सुटलं, आगाऊ सूचना न देता, हेडमास्तरांच्या घरातल्या मागच्या पिढ्यांपर्यंत. आणि टेबलाखाली आवाज सुरू झाला, ठक, ठक, ठक.

बाई आरडाओरडा न करता फरशीवर आडव्या झाल्या, टेबलाखाली हात घातला आणि कासवाचं डोकं आणि फरशी यांच्यामध्ये आपला तळवा ठेवला. ठकचा थप झाला.

"हिला सोडवा, बाई," हेडमास्तर कळवळले.

"ओढू नका, सर. ओढलं की आणखी घट्ट होतं. कात्री, मी इथेच आहे. तुझं झालं की सोड." आणि त्याच आवाजात, जसं काही पाणी भरायला सांगावं, "मिरची, दारात उभा राहा. वारा कुठे गेला ते सांगत राहा."

"जाऊन आणायला नको?" साहेब उठू लागले.

"मागे लागलं की तो थांबत नाही. बसा तुम्ही."

साहेब बसले.

"विहिरीच्या पुढे गेला," मिरची दारातून सांगू लागला, मध्ये मध्ये आपले शब्द पेरत. "मक्यात शिरला. दिसत नाही. दिसला. थांबला. मागे बघतोय, कुणी येतंय का. कुणी नाही येत, गाढवा. बसला."

बाईंच्या तळहातावर थप थप मंद झालं. कात्रीने दात काढले, ओठ पुसले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"उठला," मिरची म्हणाला. आता तो साधं बोलत होता. "येतोय."

बाईंचे डोळे मिटले होते, आणि तळवा लाल झाला होता. वारा दारातून आला. कुणी काही विचारलं नाही. तो आपल्या जागी बसला आणि फाटलेली बाही वर सरकवत राहिला.

थरथरत होते ते फक्त हेडमास्तर. कपाळाची शीर ताठ झाली होती.

"सरांचं वर आलंय," कात्री भिंतीलाच म्हणाली.

"सर, ढेकळात जा," मिरची म्हणाला. वाईटपणाने नाही, जसं तो कुणालाही म्हणाला असता.

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं. वाऱ्याने समजावून सांगितलं, हातोडा कुठे असतो तेही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हेडमास्तरांकडे बघितलं. "मग जाऊन या की."

साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर हेडमास्तर गेले. जरा वेळाने मागून पहिला घाव ऐकू आला, बिचकत पडलेला. मग दुसरा. मग जे सुरू झालं ते थांबेना.

"ते आधीचं, तालीम होती?" साहेबांनी बाईंना हळूच विचारलं.

"हो. चूक माझी. मीच सुचवलं."

"आणि नंतरचं?"

"ते खरं."

साहेबांनी बाईंच्या लाल तळहाताकडे बघितलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. "बाकांना शेड बांधून देतो," ते म्हणाले. "वर्ग राहू दे. पुढच्या वर्षी येईन तेव्हा तालीम नको. तशी वाईटच होती." बाहेर मोटारसायकल सुरू झाली, धुरळा उठला आणि गेला.

वर्गात तेवढ्यात भांडण पेटलं होतं.

"माझ्या पळण्याने वाचला वर्ग."

"हट. बांधापर्यंत तर गेलास. साहेब घाबरले ते माझ्या शिवीला."

"मी चावले म्हणून," कात्री म्हणाली. "सगळं नाटक होतं ते. खरं चावले असते तर सरांचा हात दिसला नसता."

बाईंना खरं काय ते सांगायचं होतं, की तुमच्या नाटकाने नाही, तर तू मक्यातून उठून परत आलास म्हणून. त्या शब्द जुळवत होत्या, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"पुढच्या वर्षी मी पळणार."

भांडण थांबलं. वारा गुडघ्यांवर बसला, वाकून बघू लागला. "येतं का तुला?"

"शिकव."

कासव बाहेर आलं. केसांत कोळिष्टकं. वाऱ्याने त्याला खिडकीपाशी नेलं, पाय कुठे द्यायचा, चौकट कशी धरायची, सगळं सांगितलं. बाईंनी थांबवायला हवं होतं. त्यांनी खिडकीची दोन्ही दारं नीट उघडून दिली. कासव चढलं, पोटावर वळलं, निम्मं बाहेर गेलं आणि तिथेच अडकलं. ना पुढे, ना मागे.

खिडकीखाली नांगरटीत हेडमास्तर घामाघूम उभे होते, पांढऱ्या शर्टाची माती झालेली, मनगटाला रुमाल. त्यांनी हातोडा टाकला आणि धरायला हात वर केले. मग थांबले. खिडकीतून चौघांची डोकी त्यांच्याकडे बघत होती, बाईंचंही.

"लावू का हात?" हेडमास्तरांनी विचारलं.

कासवाने विचार केला. बराच वेळ केला. आणि तोवर हेडमास्तर भर उन्हात, हात वर करून, तसेच उभे राहिले.