गोजरबाईच्या दारची भाकरी

डोकं भादरून दोन दिवस झालं न्हाईत, तर माझा लेक मला म्हणतो, "आई, अहंकार सोड."

मला! केसरबाईला!

संघपाल माझा बारामतीच्या कॉलेजात प्राध्यापक हाय. ह्या सुट्टीत त्यानं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर घेतलं. मुंडन करायचं, चीवर नेसायचं, एक वेळ जेवायचं, दहा दिवस भिक्षूसारखं राहायचं. सून अंजली आणि मी त्याला भेटायला विहारात गेलो. चीवरात लेक असा शोभत होता की दृष्ट काढावी वाटली. आमच्यात दृष्ट मानत न्हाईत, म्हणून हात आवरला. तिथली रीत अशी की चीवर ल्यालेल्याला आईबापानंसुदिक वाकून वंदन करायचं. अंजली वाकली. मी उभीच. ह्या कंबरेला वाकायच्या जागा दोनच ठाऊक, एक बुद्ध आणि दुसरे बाबासाहेब. तवा तो डोळे मिटून, लई शांत आवाजात ते अहंकाराचं बोलला. वर म्हणाला, "गुरुवारी कन्हेरीत भिक्षेला येतोय. आपल्या दारातबी."

"हातात पात्र घिऊन?"

"व्हय."

माझ्या अंगाची लाही झाली. नाना, म्हणजे माझे सासरे, येसकराची, म्हंजी गावच्या चाकरीची पाळी आली की टोपलं घेऊन ह्याच कन्हेरीत दारोदार भाकरी मागायचे. बाया भाकरी वरून टाकायच्या, शिवाशिव नको म्हणून. छप्पन्न साली बाबासाहेबांमागं धम्म घेतल्यावर नानांनी ते टोपलं चावडीफुडं नेऊन आपटलं. म्हणले, आजपासून आमचा हात कुणाफुडं पसरायचा न्हाय. दोन वर्षं घरानं कण्या खाल्ल्या, पण हात पसरला न्हाय. अशा घरात मी सून म्हणून आले. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण हा धडा मला पाठ हाय. त्या नानांचा नातू त्याच गल्लीत पात्र घिऊन फिरणार?

"आई, ते लाचारीचं मागणं व्हतं," संघपाल म्हणाला. "हे मन लहान करायला हाय."

"मन लहान करायला गाव कशाला गोळा करतूस? घरात भांडी घास."

अंजली तोंडाला ओढणी लावून हसली.

गुरुवारी सकाळी मी भाताचं पातेलं घेऊन ओट्यावर बसले. लेक येणार म्हटल्यावर चूल थोडीच थांबती! संघपाल आला. अनवाणी, नजर खाली, संथ पावलं. फुडं त्याचा मित्र धम्मदीप, मोबाइल वर धरून शूटिंग करत उलटा चालत होता. ह्या बाबानं आदल्या दिवशीच ग्रुपवर मेसेज टाकलेला, म्हणून दारोदार रांगोळ्या, कुणाची खीर, कुणाची डाळिंबं. एकीनं तर गुलाबजाम घातले. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला माझा.

माझ्या घराच्या अलीकडचंच घर गोजरबाईचं. तिचा जोतीराम आणि माझा संघपाल पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले, त्याला सहा वर्षं झाली. तवापासनं येणं-जाणं बंद. नानांच्या टोपल्यात भाकरी वरून टाकणाऱ्यात तिची सासूबी होती, ते निराळंच. आणि आज गोजरबाई आपणहून दारात उभी. डोईवर पदर, हातात ताजी भाकरी. तिला कुणी मेसेज केला नव्हता.

संघपाल तिच्या दारासमोर आला आणि न थांबता फुडं निघाला.

तिचा हात तसाच राहिला. मग हळूच तिनं भाकरी पदराखाली घेतली.

ती अशी तोंडावर पडली तर मला बरं वाटंल, असं मी कैकदा म्हटलेलं. न्हाय वाटलं. दारात उभं राहून मोकळं परतताना नानांचं तोंड असंच झालं असंल.

संघपाल माझ्याफुडं येऊन उभा राहिला. मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"शिबिराचे भंते काय म्हणाले विहारात? पात्र घर निवडत न्हाय, ओळीनं जायचं. मी ऐकलंय."

"आई," तो ओठातल्या ओठात म्हणाला, "शूटिंग चालू हाय."

"धम्मदीप, ठेव ते खिशात. न्हायतर पाटात टाकीन."

धम्मदीपनं मोबाइल खिशात घातला.

"नानांनी टोपलं टाकलं ते सगळ्या दारांसाठी टाकलं. तुला पात्र धरायचं तर सगळ्या दारांत धर. दारं निवडून हिंडायला तू काय मतं मागायला आलाईस?"

त्याचे कान लाल झाले. तिकडं जोतीराम चालू ट्रॅक्टरजवळ उभा राहून सगळं बघत होता. संघपालनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हा पात्र टाकून निघून गेला तर? आणि नानांच्या नातवाला त्या दारात मीच धाडतेय, हे बरोबर हाय का?

तो वळला. गोजरबाईच्या दारात जाऊन पात्र धरून उभा राहिला. जोतीरामनं ट्रॅक्टर बंद केला. गोजरबाई पायरी उतरून खाली आली. दोन्ही हातांनी भाकरी पात्रात ठेवली. टाकली न्हाय, ठेवली. आणि हात जोडून वाकली.

संघपाल माघारी आला तवा गुलाबजामांवर ती भाकरी होती. मी झाकण काढलं, भात वाढला. मग पदर सारखा केला आणि गुडघे करकरत असताना खाली वाकले. एकदा न्हाय, तीनदा.

"आत्या!" अंजली मागनं म्हणाली.

उठून बघते तर लेकाच्या तोंडावर बारीक हसू. आईचा अहंकार सुटला म्हणणारं. वळखते मी ते तोंड, मीच जन्माला घातलंय.

"फुगू नको," मी म्हणाले. "मी चीवराला वाकले, तुला न्हाय. माझा अहंकार किती उरलाय ते माझं मी बघंन. तुझा आज एका दारापुरता सुटलाय, प्राध्यापक. पण सुटला, हे नानांच्या सुनंनं आपल्या डोळ्यांनी बघितलं."