दीपमालाताईंनी न केलेली मालिश

मी मालिशचा बाक बोलतोय. नालवाडीतल्या एका खोलीत खिडकीखाली असतो. माणसं माझ्यावर पालथी पडतात, तोंडासाठी ठेवलेल्या भोकात चेहरा घालतात आणि पाठ परक्या हातात सोपवतात. मला या भरवशाचं नवल वाटतं. माझा तर कुठल्याच हातावर विश्वास नाही.

त्याला कारण आहे. आर्वीच्या रामाजी मालिशवाल्यानं मला देवळीच्या सुताराकडून बनवून घेतलं. पळणारा असो की पैलवान, तीन दिवसांत पाठ मोकळी करतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. एकदा अंकुश नावाच्या पैलवानाच्या कमरेवर त्यानं गुडघा रोवला. अंकुश कळवळला, तर हा म्हणाला, नस सुटली. अंकुशला उचलून न्यावं लागलं. पुढं रामाजीकडं कोणी फिरकेना, आणि मी दीपमालाताईंकडं आलो.

ताई रीतसर शिकलेल्या. हात मऊ, बोलणंही मऊ. माझा संशय त्यानं वाढलाच. रामाजीही आधी गोडच बोलायचा.

गेल्या हिवाळ्यात कबड्डीचे प्रशिक्षक प्रभाकरराव वर्षालीला घेऊन आले. ती त्यांची सर्वांत चपळ खेळाडू. पकडीत कमरेवर आपटली तेव्हापासून वाकली की डाव्या पायात कळ उतरायची. प्रभाकररावांना वाटे, ही सराव टाळते.

"नाटक करून राह्यली हे पोरगी. सोमवारी निवड हाये. जरा जोर लावा, ताई."

वर्षाली माझ्यावर पालथी पडली. पण डाव्या बाजूचा भार ती माझ्यावर टाकतच नव्हती, हे मला कळत होतं. ताईंनी हातावर तेल घेतलं. आता गुडघा येणार, मी मनात म्हटलं.

ताई थांबल्या. "वर्षाली, डाव्या पायाचा अंगठा हालव बरं."

"हालवला नं, ताई."

अंगठा हलला नव्हता.

ताईंनी तेलाचे हात पुसून टाकले. "हिच्या पाठीले मी हात लावत नाई. आधी डॉक्टरले दाखवा."

प्रभाकररावांना यात दुसऱ्या संघाचा डाव दिसला. तसं ते तोंडावर बोललेही. वर्षालीनं ताईंकडं असं पाहिलं, जणू तिची निवड त्यांनीच हिसकावली होती. बुटाची नाडीही न बांधता ती गेली.

तिच्या आईनं, आनंदाबाईनं, मात्र तिला दवाखान्यात नेलं. मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेली होती. आणखी जोर पडला असता, तर पाऊल कायमचं लुळं झालं असतं.

प्रभाकरराव आता खेळाडू पाठवत नाहीत. आठवड्यातले तीन दिवस माझ्यावर नुसत्या धुतलेल्या चादरी असतात. तुमच्या पाठीवर कोणी हात ठेवला, तर बाबांनो, लाजू नका. कुठं मुंग्या येतात, कुठं बधिर वाटतं, ते सांगा. मी बाक आहे, मला सांगता येत नाही.

परवा वर्षाली आली, आता हलकी मालिश चालेल अशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. ताईंनी ती दोनदा वाचली, मगच चादर अंथरली. तिच्या कमरेवर तळवा हलकेच टेकवून विचारलं, "दुखते काय?"

आणि उत्तर येईपर्यंत हात उचलून धरला.