पाटलांच्या घरची गुलाबाई

नाक पुन्हा चुकलं. तुळशीबाईने दिव्याच्या उजेडात त्या ओल्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं आणि संतापून त्याच्यावर अख्खी मूठ दाबली. केलेल्या चेहऱ्याचा पुन्हा चिखल झाला.

"काय व," पडवीच्या कोपऱ्यातून हिलालचा झोपाळलेला आवाज आला, "आजून कोंबडा बी बोलना नही. दिवामा तेल काय फुकट येस?"

"तू झोप. मन्हा हातले दिवाच लागस."

तो कूस बदलून घोरायला लागला. कुंभाराच्या बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत. त्यामुळे गाडगी, मडकी, रांजण सगळं हिलालचं. पण भाद्रपदातल्या पुनवेला गावातल्या लेकीबाळी ज्या मातीच्या गुलाबाईपुढे गाणी म्हणायला बसतात, ती गुलाबाई मात्र तुळशीबाईच्या हातची. तापीकाठच्या आमोदी गावात दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नसे. उजाडलं की शेण, गाढवं, चूल आणि माती तुडवणं. त्यात बाईने स्वतःचं म्हणावं असं काय उरतं? खड्डा! म्हणून ती अंधारात उठायची. शिवाय चेहरा उन्हात होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. दिवा एका अंगाला ठेवला की नाकाची सावली गालावर पडते आणि कुठे माती जास्त झाली ते बोटांना कळतं.

यंदा मात्र बोटांना काही कळत नव्हतं. यंदा तिला निर्मला करायची होती.

निर्मला ही पाटलांची धाकटी सून. नदीवर पाणी भरायला ती सगळ्यांच्या आधी निघायची आणि वाटेत हंडा टेकवून कुंभाराच्या पडवीत घटकाभर बसायची. तुळशीबाईची पहाटेची कारागिरी पाहिलेलं गावात तेवढं एकच माणूस. "मावशी, हाई तर आपली गंगीबाई!" असं म्हणून ती मातीचा चेहरा ओळखायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. हसताना तिचा वरचा एक दात जरा पुढे यायचा. दंडावरचे वळ पदराखाली झाकायची, पण दिव्याच्या उजेडात काय झाकतं? सासू उपाशी ठेवते, नवरा मारतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आषाढात ती पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. फौजदार आला, पाटलांच्या ओसरीवर पुरणपोळी जेवला आणि पाय घसरल्याचंच लिहून गेला. गावाने माना डोलावल्या. एक म्हणून माईचा लाल बोलला नाही. बायकांनी तर तोंडात मिठाची गुळणीच धरली.

तुळशीबाईही बोलली नव्हती. कोणत्या तोंडाने बोलणार? मातीची खाण पाटलांची, सुगीला मिळणारं बलुतं पाटलांच्या मर्जीचं. पण आत नुसता जाळ झाला होता. पाटलीणबाई दारावरून गेल्या की तिच्या हातातलं मडकं फुटायचं. आणि एके दिवशी तिच्या डोक्यात आलं, की पुनवेची पहिली गुलाबाई मानाने पाटलांच्या घरी जाते. निर्मलाची सासू दगूबाई पाटलीण स्वतः तिला कुंकू लावते, 'लेक माहेरी आली' म्हणून कडेवर घेते आणि मग पोरी टाळ्या पिटतात. वा गं वा! मग घे की लेक!

तेव्हापासून ती पहाटे दातावर दात आवळून बसत होती. पण रागाने केलेला प्रत्येक चेहरा रागावलेलाच निघायचा. भुवया चढलेल्या, ओठ मिटलेले. आणि ती बया तर कधी रागावलीच नव्हती! हेच तर तुळशीबाईला सहन होत नव्हतं. "निदान एक डाव तरी त्या म्हातारीन्या झिपऱ्या धरान्या व्हत्या, माय!" असं ती मातीच्या गोळ्याला म्हणाली आणि तिचे डोळे गळायला लागले.

दोन्ही हात चिखलाचे, पुसणार कशाने? तिने डोळे तसेच गळू दिले. मग हळूहळू बोटं चालायला लागली. गाल जरा वर उचलला. ओठ थोडा उघडला. खराट्याच्या काडीने दात काढला, तो जरा पुढे ओढला. कोंबडा आरवला तेव्हा पाटावर निर्मला हसत होती.

चेहरा वाळला, रंग चढला, कपाळावर मळवट आला, तरी हिलालच्या ध्यानात काही आलं नाही. पुनवेच्या सकाळी त्याने पाट उचलायला म्हणून हात घातला आणि तसाच मागे घेतला.

"हाई... हाई तर पाटीलनी वहू!"

"मंग?"

"याड लागनं का तुले? गावमा ऱ्हावानं शे का नही? माटी कोनी शे? पाटीलनी!"

"माटी पाटीलनी, विहीर बी पाटीलनी, ती बी पाटीलनीच व्हती. त्यासनं त्यासले दी ऱ्हायनी. माले काय इचारस?"

"तोंड पुसी टाक. मी पाय पडस तुन्हा."

"हात लाव तर खरा," तुळशीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हिलाल दोन पावलं मागे सरला. बायकोचा हा अवतार त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाट तिने एकटीनेच डोक्यावर घेतला. तो मुकाट्याने मागे चालला.

पाटलांच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पोरींनी नवे परकर नेसले होते. दगूबाई आरतीचं ताट घेऊन आली. शेजारी कुंभारणीच्या मानाचं सूप होतं, ज्वारीने काठोकाठ भरलेलं. तुळशीबाईने पाट उंबऱ्यात ठेवला आणि वरचं फडकं काढलं.

दगूबाईचं बोट कुंकवात बुडालं होतं, ते तिथेच राहिलं. एका म्हातारीने पदर तोंडात कोंबला.

"माय व, कशी हसी ऱ्हायनी!" एक चिमुरडी म्हणाली. तिच्या आईने तिला चिमटा काढला.

"हाई नको," दगूबाई म्हणाली. "दुसरी लई ये."

"काबरं, माय? काय खोट शे?"

"तोंड बराबर नही."

"नाक वाकडं शे का? डोया तिरपा शे का?" तुळशीबाई उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली आणि खालून तिच्याकडे पाहत राहिली. "कोनसारखं दिखस, सांगा ना. इतल्या बाया उभ्या शेतस. तुम्ही फक्त नाव ल्या, मी उनी तशी परत ली जासू."

आता बोल! घे नाव! तुळशीबाईच्या कानशिलात नुसते घण पडत होते. दगूबाईने बायकांकडे पाहिलं, कुणीतरी काही बोलेल म्हणून. पाय घसरला म्हणणाऱ्या त्याच सगळ्या बाया. पण आज तिच्या मदतीलाही कुणी तोंड उघडलं नाही. जी ती त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मागून हिलाल पुटपुटला, "चाल व, चाल आते." तुळशीबाई हलली नाही.

दगूबाईचं बोट शेवटी पुढे आलं. कुंकू कपाळाला न लागता नाकावर सांडलं.

"आनि बोलानं ऱ्हायनं, माय," तुळशीबाई म्हणाली. "गुलाबाईले बोलावा ना. लेक माहेरले उनी शे."

"ये," दगूबाई म्हणाली. "ये, बाई... माहेरले ये."

दगूबाईने पाट उचलला. मातीचा चेहरा तिच्या खांद्याला टेकला आणि ती मान दुसरीकडे वळवून आत गेली. पोरी हुंदडत मागे धावल्या. आतून टाळ्यांचा आवाज यायला लागला. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी या घरात तिची आरती होणार होती.

तुळशीबाईला वाटलं होतं, हे झालं की आतला जाळ विझेल. कसला विझतोय! मेलेलं माणूस काही त्या दारातून बाहेर आलं नव्हतं. ती उठली. गुडघ्यांची धूळही तिने झटकली नाही.

हिलालने इकडेतिकडे पाहत ज्वारीचं सूप उचललं.

"ठेव," ती म्हणाली.

"आपला मानना दाना शे, व. साल कसं काढसूत?"

"ठेव सांगस ना."

त्याने सूप खाली ठेवलं. तुळशीबाई पायऱ्या उतरून चालायला लागली, आणि थोड्या वेळाने तोही तिच्या मागे निघाला. ओसरीवर आता कुणी नव्हतं. पाटलांच्या कोंबड्या एकेक करून वर चढल्या आणि सुपातला दाणा टिपायला लागल्या.