अर्लीनची बेस गिटार

शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर अर्लीन शूस्टरनं पुन्हा बेस गिटार वाजवायचं ठरवलं, ते ड्वेनच्या आग्रहामुळे. पोरं लहान असताना तिनं वाद्य विकलं होतं, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. शबॉयगन गावातल्या बारमध्ये दर शुक्रवारी तळलेले मासे खायला गेली की ड्वेन भेटायचाच. तरुणपणी त्याच बारमध्ये तो गिटार वाजवत गायचा, ती बेस सांभाळायची आणि जीन ड्रम वाजवायचा. ‘‘बँड परत सुरू करतोय आम्ही,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्याशिवाय कुणाला घेऊ?’’

अर्लीन घरी जाताना गाडीत एकटीच हसत होती.

पेन्शनमध्ये बसेल अशी जुनी गिटार बघायला दोघं कर्मिटच्या दुकानात गेले. तिला एक निळी आवडली. आखूड मानेची, हलकी. डाव्या अंगठ्याच्या सांध्यात तिला संधिवात होता, आणि या गिटारवर बोटं फार ताणावी लागत नव्हती. कर्मिट गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. ड्वेन मागच्या रांगेत गेला आणि एक तपकिरी, थोराड गिटार उचलून घेऊन आला. स्टुलावर बसून त्यानं ती वाजवली, उलटीपालटी करून पाहिली, किमतीची चिठ्ठी वाचून भुवया उंचावल्या.

‘‘ही बघ. ती निळी पोरीबाळींची आहे गं. आवाज असावा तर असा. आणि या भावात? मी असतो तर दुसरा विचारच केला नसता.’’

तिचं मन निळीवरच होतं, पण ड्वेनचा कान तिच्या कानापेक्षा तयार, हे ती वयाच्या विसाव्या वर्षापासून मानत आली होती. तिनं तपकिरी घेतली.

जीनच्या गॅरेजमध्ये तालीम सुरू झाली आणि तिचे हाल सुरू झाले. तारा इतक्या उंच की दाबता दाबता हात भरून यायचा. वरच्या पट्ट्यांवर सूर खरखरायचे, भलतेच लागायचे. घरी ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि पुन्हा वाजवायला घ्यायची. एका तालमीत सोपी चालसुद्धा तिसऱ्यांदा चुकली, तेव्हा तिला रडू आलं. ड्वेननं जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, ‘‘वय झालंय आपलं, अर्ली. बोटं आता ऐकत नाहीत. सराव कर, होईल.’’

तिनं सराव वाढवला.

शेवटी अंगठा सुजला, तेव्हा तारा थोड्या खाली आणून मिळतील का विचारायला ती कर्मिटकडे गेली. त्यानं गिटार डोळ्यासमोर धरून मानेवरून नजर फिरवली आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. ही मान पिळलेली आहे, मान सरळ ठेवणारी आतली सळई गंजून अडकली आहे, यात आता काही करता येत नाही, असं त्यानं सांगितलं. किंमत म्हणून तर कमी होती. ‘‘ड्वेननं सांगितलं नाही का तुला? विकायला त्यानंच तर ठेवली होती. मी चिठ्ठीवर लिहितो म्हणालो, तर म्हणाला, घेणाऱ्याला मी स्वतः सांगेन.’’

अर्लीनला आठवलं, ते भुवया उंचावणं. स्वतःचीच गिटार तो कशी पहिल्यांदा पाहिल्यासारखी न्याहाळत होता.

शुक्रवारी ड्वेन बारमध्ये ब्रँडी घेऊन बसला होता. ती शेजारी बसली आणि कर्मिटनं काय सांगितलं ते हळू आवाजात बोलली. त्यानं नाकारलं नाही. छप्पर दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणाला. मग ग्लासाकडे बघत म्हणाला, ‘‘आणि खरं सांगू? मला वाटलं, महिनाभरात तू सोडशील. मागे सोडलं होतंस तसं.’’

‘‘मागे माझ्या पोटात बाळ होतं, ड्वेन.’’

ड्वेननं ग्लास बाजूला सारला.

‘‘गिटार गळ्यात मारलीस, ते सोड,’’ ती म्हणाली. ‘‘मी रडत होते, माझी बोटं गेली म्हणून. तुला माहीत होतं बोटांचा दोष नाही. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास.’’

तो पैसे परत द्यायला तयार होता. तिनं ते घेतले, मासे न खाताच उठली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन निळी घेऊन आली. हे कळल्यावर जीन म्हणाला, ड्वेनला काढून टाकू. ती म्हणाली, गाणारा कुठून आणशील?

ऑगस्टमध्ये चर्चच्या सहलीत त्यांनी वाजवलं. निळीवर तिची बोटं छान चालली. म्हातारी जोडपी गवतावर नाचली, आणि जुने लोक येऊन सांगून गेले की अगदी पूर्वीसारखं झालं. पूर्वी गाणं संपवायच्या वेळी ड्वेन मान वळवायचा, दोघांची नजर भिडायची आणि शेवटचा सूर एकदम पडायचा. त्या दिवशीही तो प्रत्येक गाण्याला वळला. अर्लीन ड्रमवरच्या जीनच्या हातांकडे बघून शेवटचा सूर लावत होती.