क्रेनवरची जागा

नेपानगर रस्त्यावरच्या गर्डरच्या कारखान्यात वैजयंती आणि शीतल बरोबरच लागल्या. दोघी जसोंडीच्या, आयटीआयही एकत्र केलेलं. खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे, हे त्यांचं काम. पण वैजयंतीचा जीव अडकला होता तो वरच्या केबिनमध्ये. तिथं बसून अवजड लोखंड कसं अलगद उचलतात, हे तिनं घरी इतक्यांदा सांगितलं होतं की आई म्हणायची, "आता तिथंच बिछाना टाक."

क्रेनवाला रिटायर झाला. वैजयंतीनं लगेच अर्ज दिला. शीतलनंही दिलाय, हे तिला फोरमन लीलाधरकडून कळलं. घरी परतताना ती शीतलच्या स्कूटीवर मागं बसली, पण रोजच्यासारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

"तूच एकटीनं वर चढायचं का गं?" शीतलनं विचारलं. "मला नाही वाटत का?"

घर येताच वैजयंती उतरून तडक आत गेली.

चाचणीत वैजयंतीनं गर्डर नीट उचलून ठेवला. मग शीतल वर गेली आणि इशाऱ्याला वैजयंती खाली उभी राहिली. गर्डर जमिनीवरून उचलला गेला, तोच साखळी एका टोकाकडे घसरताना तिला दिसली. वरून ते दिसणं शक्य नव्हतं. वैजयंतीनं झटकन दोन्ही हात पसरले. शीतलनं त्याच क्षणी क्रेन थांबवली. झोका नाही, हिसका नाही. मग इशाऱ्याप्रमाणे गर्डर हळूच खाली टेकवला.

"असंच थांबता आलं पाहिजे," लीलाधर म्हणाला आणि जागा शीतलला दिली.

संध्याकाळी शीतल बुऱ्हाणपूरहून दराबा, तिथली रव्या-तुपाची मिठाई, घेऊन वैजयंतीच्या घरी आली. डबा पुढे करायला तिला अवघड वाटत होतं.

"राग आला ना?"

"हाव, आला. राहील दोन दिवस." वैजयंतीनं डबा ओढून घेतला. "पण थांबवलीस झकास. माझ्या हातून झोका गेला असता."

शीतल दुपारच्या सुट्टीत लीलाधरच्या परवानगीनं तिला वर नेऊ लागली, हिसका न देता थांबायला शिकवू लागली. दिवाळीनंतर कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली आणि त्या पाळीसाठी त्याच क्रेनवर वैजयंतीची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसल्यावर तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली. शीतलचे पाय लांब होते. मग तिनं खाली इशाऱ्यासाठी पाहिलं आणि कामाला लागली.