रामेश्वराच्या वाटेवरची खोली

मद्रासच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं इरावतीने सांगितलं, तेव्हा गंगाकाठच्या दूधविनायक गल्लीतल्या घरात सुतक पडल्यासारखं झालं.

"समुद्राचं पाणी तपासायला तिथवर जायचं?" विश्वेश्वरकाका म्हणाले. "इथे दारात गंगा आहे, ती तपास ना!"

"तिचा निकाल तुम्हाला सोसायचा नाही, काका."

"जीभ बघा पोरीची! अगं, अठरापगड लोकांचं शहर ते. आपलं कोण आहे तिथे?"

आपलं कोणी नाही, हेच तर इरावतीला हवं होतं. पण ते बोलून दाखवण्याइतकी ती भोळी नव्हती. "मद्रासहून रामेश्वरला थेट गाडी आहे," ती शांतपणे म्हणाली.

काकांची नजर देव्हाऱ्याकडे वळली. रामेश्वराला वाहायचा त्यांचा गंगाजलाचा गडू, वाटेत उतरायला घर नाही म्हणून, वर्षानुवर्षं देव्हाऱ्यातच बसून होता.

"मुलींनी चार मुलूख बघावेत," संध्याकाळी त्यांनी राजा घाटावर जाहीर केलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी इरावतीचं कौतुक करायला येऊ लागले. प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात एकेक गडू होताच. "खोली जरा मोठी बघ हो," असं जो तो जाताजाता सांगत होता. ज्या शहरात आपलं कोणी नव्हतं, तिथे आता अख्खी गल्ली मुक्कामाला येणार होती.