अंगुस्तानाचं माप

“हे आधी खोडा,” म्हणत तिने फाइल डॉक्टरांच्या टेबलावर आपटली.

यकृत कडक व्हायला सुरुवात झाली आहे, हे तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. पण त्याखाली ‘कारण: दारू’ लिहिलंय, हे तिने आज रांगेत बसल्या बसल्या वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“एकवीस वर्षांचा संसार आहे माझा. या माणसाने कधी थेंबाला बोट लावलं नाही. लग्नकार्यात कुणी पेला हातात दिला तर झाडाच्या कुंडीत ओततात. कुणाला विचारून लिहिलंत?”

“त्यांनाच,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “मागच्या वेळी तुम्ही खाली रिपोर्ट आणायला गेला होतात तेव्हा. तीन वर्षं, रोज दोन. मी औषधांचं, जडीबुटीचंही विचारलं. नाही म्हणाले.”

तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. तो फरशा बसवणारा माणूस. दाराजवळच्या फरशीचा सांधा वाकडा गेला होता, त्याच्याकडे तो टक लावून बघत होता.

“सुरुवातच आहे. सोडली असेल तर पुष्कळ सावरता येईल,” डॉक्टर म्हणाले.

“सोडलीय,” नवरा म्हणाला. “चल गं.”

घरापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. यकृत हा शब्द ऐकला की लोकांना दुसरं काही सुचतच नाही! कपडे टाकायला आलेली बाईसुद्धा बाहीचं माप देता देता हळूच विचारते, “पूर्वीपासूनच घ्यायचे का हो?” आणि नणंदेचं तर काय सांगावं. उचलली जीभ लावली टाळ्याला. परवा फोनवर म्हणाली, “घरात सुख असतं, तर माझ्या भावाचा हात बाटलीकडे गेला नसता.” त्या वाक्याने दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. सगळ्या जगाशी ती एकटी भांडत होती आणि हा शहाणा आपल्या तोंडाने आपल्यालाच काळं फासून मोकळा!

“का सांगितलंत खोटं?”

“कागदच आहे. असू दे.”

दुसऱ्या जिन्यावर तो कठडा धरून थांबला. आयुष्य फरशीवर टेकून काढलेले गुडघे.

“वर चला, पावडर देते,” ती सवयीने म्हणाली.

“नको.”

“तीन आठवडे नुसतं नकोच चाललंय. दुखणं अंगावर काढायची हौस आहे का?”

घरात शिरताच तिने शिलाई मशीनमागच्या फळीवरून जडीबुटीवाल्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत तिचीच बटणं होती. काळी, पांढरी, कोटाची मोठी. डबा धुऊन, पुसून, बटणांनी भरून पुन्हा जागेवर ठेवला होता.

जडीबुटीवाल्याने चिमूटभर सांगितली होती. पण चिमूट म्हणजे काय माप झालं? तिला अदमासाचं काम कधीच आवडलं नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती लोखंडी टोपी, अंगुस्तान, तिने काठोकाठ भरली आणि तेच माप धरलं. पहिल्याच थंडीत त्याचे गुडघे जास्त धरायला लागले, तेव्हा एकाची दोन केली. रोज संध्याकाळी, न चुकता, स्वतः समोर उभं राहून.

तीन वर्षं. रोज दोन.

ती मशीनच्या स्टुलावर बसली.

“डॉक्टर म्हणाले, असल्या पावडरीनेही होतं,” तो दारातून म्हणाला. “काहीतरी सांगावं लागलं. बंद केली ना मी, मग तुझं नाव कशाला? तू तर मायेनेच दिलीस.”

“माझी अब्रू झाकायला निघालात? मला न विचारता?” तिचा आवाज चिरकला. “मी गावभर भांडत फिरले आणि तुम्ही...”

मायेने दिली होती हे खरं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. जडीबुटीवाल्याचा, नवऱ्याच्या गप्प राहण्याचा, आणि त्या काठोकाठ भरलेल्या टोपीचा.

“उद्या डबा घेऊन डॉक्टरांकडे जायचं,” ती अखेर म्हणाली. “मी सांगेन.”

“बरं. आपल्यापुरतं ते मिटलं.”

आपल्यापुरतं. ती एकदम उठली. मागच्या वर्षी नणंद आली होती, तेव्हा जिना चढताना कळवळली होती. ‘दादाला सांगू नकोस, म्हातारी झाले म्हणून चिडवेल,’ म्हणाली होती. जाताना हिने तिच्या पिशवीत एक डबा घातला होता. नंतर आणखी दोन पाठवले. सोबत स्वतःकडचं जुनं अंगुस्तानही दिलं होतं, माप चुकू नये म्हणून.

तिने फोन लावला. नवऱ्याने चमकून पाहिलं. परवाच्या फोनपासून या दोघींचं बोलणं बंद होतं हे त्याला ठाऊक होतं.

“आली का आठवण?” पलीकडून नणंदेचा आवाज आला. “काय म्हणतायत तुझे पिणारे महाराज?”

“वन्सं, ती गुडघ्यांची पावडर अजून घेताय?”

“घेते की. तू दिलेल्या मापाने, रोज दोन. तुझ्याशी भांडण असलं तरी तुझ्या औषधाशी नाही.” नणंद हसली. “का गं?”

तिने दुसऱ्या हाताने स्टूल ओढलं आणि बसली.

“सांगते,” ती म्हणाली. “पण आधी तो डबा मोरीत रिकामा करून या. मी थांबते.”